विश्लेषण : लिनक्स मोफत, मग ड्रायव्हरसाठी पैसे का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर ‘विंडोज १०’ची नियमित मोफत अपडेट्स थांबवली. ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ‘विंडोज ११’ चालत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय आहे. पण लिनक्स टाकल्यावर कधी वायफाय दिसत नाही, कधी प्रिंटर नीट छापत नाही. उपाय शोधायला गेले की एखादा विकतचा ड्रायव्हर समोर येतो. फुकट प्रणालीवर विकतचा ड्रायव्हर कशासाठी? आणि तो घ्यावा का?

ड्रायव्हर लिहितो कोण?

प्रिंटर, वायफाय चिप, ग्राफिक्स कार्ड यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी तो बहुतेक वेळा उपकरणाची कंपनीच लिहून देते आणि त्याचा खर्च उपकरणाच्या किमतीत आधीच वसूल झालेला असतो. लिनक्सचा ग्राहक मोजका, म्हणून काही कंपन्या तो लिहीत नाहीत आणि चिपची तांत्रिक माहितीही देत नाहीत. मग स्वयंसेवकांना चिपचे वागणे तपासत अंदाजाने ड्रायव्हर लिहावा लागतो, किंवा एखादी तिसरी कंपनी करार करून माहिती मिळवते आणि ड्रायव्हर विकते.

इंग्रजीत ‘फ्री’चे दोन अर्थ होतात. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे वेगळे शब्द असल्याने आपली निम्मी अडचण सुटते. लिनक्स मुक्त आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड कोणीही पाहू व बदलू शकतो. त्यावर चालणारी वस्तू विकायला मनाई नाही.

असे ड्रायव्हर कोणी विकले?

डायल-अपच्या काळात अनेक लॅपटॉपमध्ये ‘सॉफ्टमोडेम’ असे. सिग्नलवरची बरीच प्रक्रिया त्यात संगणकाचा प्रोसेसरच करी, त्यामुळे ड्रायव्हरशिवाय मोडेम निरुपयोगी. कॅनडातील लिनक्सअँट कंपनी कोनेक्झंट चिपच्या मोडेमसाठी ड्रायव्हर देई. मोफत आवृत्तीचा वेग १४.४ केबीपीएसवर अडकवलेला. पूर्ण ५६ केबीपीएससाठी परवाना विकत घ्यायचा. जर्मनीतील ‘टर्बोप्रिंट’ लिनक्ससाठी प्रिंटर ड्रायव्हर विकते. आधी चाचणी, मग पैसे.

लिनक्सअँटची एक करामत २००४ मध्ये गाजली. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक ड्रायव्हरचा परवाना तपासतो आणि बंदिस्त कोड आढळला तर तशी नोंद करतो. कंपनीने परवान्याच्या जागी ‘जीपीएल’ लिहून लगेच मजकूर संपल्याची खूण टाकली व खरा तपशील त्यापुढे ठेवला. कर्नलने ‘जीपीएल’पर्यंतच वाचले आणि ड्रायव्हर मुक्त समजला. इशाऱ्यांमुळे ग्राहक गोंधळतात, असे कंपनीचे म्हणणे होते. कर्नल विकासक अर्थातच भडकले.

पैसे देऊन प्रश्न सुटतो का?

आज सुटतो. पुढच्या वर्षाची खात्री नाही. लिनक्सचा कर्नल सतत बदलतो आणि ड्रायव्हरशी असलेला त्याचा आतला सांधा कायम ठेवण्याची हमी विकासक मुद्दामच देत नाहीत. कर्नलच्या कोडमध्ये सामील असलेले ड्रायव्हर त्या बदलांबरोबर दुरुस्त होतात. बाहेरच्या बंदिस्त ड्रायव्हरला कंपनीची वाट पाहावी लागते. इथे रकमेपेक्षा हे अवलंबित्व महाग पडते.

एनव्हिडिया तर लिनक्स ड्रायव्हरसाठी पैसेही घेत नाही. तरीही जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेची कार्डे चालवणाऱ्या ३९० शाखेचा आधार २०२२ अखेर संपला. कार्ड धडधाकट, पण नव्या कर्नलवर कंपनीचा ड्रायव्हर चालेलच असे नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी. जुन्या कार्डवाल्यांच्या हाती ‘नूवो’ हा स्वयंसेवकांचा ड्रायव्हरच उरतो.

मग घ्यावा कधी?

महागडा फोटो प्रिंटर असेल, त्यावर व्यवसाय चालत असेल आणि मोफत ड्रायव्हरचे रंग पटत नसतील, तर विकतचा ड्रायव्हर घेण्यात गैर काही नाही. फक्त चाचणी आवृत्तीवर आपलेच फोटो छापून पाहावेत. अडलेल्या वायफायसाठी मात्र आमच्या मते पैसे मोजू नयेत. लिनक्समध्ये आधीच ड्रायव्हर असलेला छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घेणे जास्त टिकाऊ ठरते.

त्याहीआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’ चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासावा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. जून २०२३ मधील ‘डेबियन १२’पासून काही चिपना लागणारे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असते. उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये कंपन्यांचे मोफत ड्रायव्हर मिळतात. काही ब्रॉडकॉम चिपबाबत तिथे वेगळाच पेच असतो : वायफायचा ड्रायव्हर उतरवायला आधी इंटरनेट लागते. अशा वेळी फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की काम भागते.