गर्भपात आणि गर्भलिंगनिवड : दोन वेगळे प्रश्न

‘स्त्रीभ्रूणहत्या गुन्हा आहे’ हे फलक आपण सगळीकडे पाहतो. त्यावरून गर्भपात करणे हाच गुन्हा, असा समज पुष्कळ मुलांचा, कधी मोठ्यांचाही होतो. वर्गात हा विषय निघाला तर काय सांगायचे?

1860 च्या दंडविधानाने स्त्रीचा जीव वाचवण्याखेरीज इतर सर्व गर्भपात गुन्हा ठरवले होते. त्यामुळे स्त्रिया चोरून, धोक्याच्या उपायांकडे वळत. कित्येक जीव गमावत. शांतिलाल शहा समितीच्या शिफारशींनंतर 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. 2021 च्या दुरुस्तीनुसार 20 आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचे मत पुरते. 24 आठवड्यांपर्यंत, बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. अविवाहित स्त्रीलाही वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले.

तरीही ‘मला मूल नको’ एवढे कारण कायद्याला पुरत नाही. गर्भारपणामुळे स्त्रीच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला इजा होईल, किंवा गर्भात गंभीर व्यंग आहे, असे डॉक्टरचे मत व्हावे लागते. गर्भनिरोधक साधन फसल्याने होणारा मनस्ताप ही अशी इजा मानली जाते. म्हणजे दार उघडे आहे, पण किल्ली डॉक्टरच्या हाती. शरीर तिचे, मग निर्णय दुसऱ्याचा का, असे काहीजण विचारतात. गर्भाच्या जिवाचा विचार कोणी करायचा, असे इतर विचारतात. गर्भाची वाढ कोणत्या आठवड्यात कशी होते हे जीवशास्त्र सांगते. त्याला ‘व्यक्ती’ केव्हा मानायचे, हे मात्र सांगू शकत नाही. ती रेषा समाजच आखतो.

गर्भलिंगनिवडीचा प्रश्न निराळा आहे. तिथे मूल हवे असते, मुलगी नको असते; आणि तो निर्णय बहुधा घरच्यांच्या दबावाखाली होतो. महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि देशाने 1994 मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदे केले. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 1991 मधील 946 वरून 2011 मध्ये 894 वर आली.

या दोन प्रश्नांची गल्लत झाली, की कायदेशीर गर्भपात हवा असलेली बाई घाबरते, आठवडे दवडते आणि शेवटी भोंदूकडे जाते. म्हणून आपण वर्गात ‘भ्रूणहत्या’ऐवजी ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द वापरावा. गुन्हा नेमका कोणता, हे त्यातून स्पष्ट होते.