गणपतीचे पोट आणि पत्र्याचे छप्पर

दिवा-पनवेलमार्गे रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की वाटेत पेण लागते. पेण आणि शेजारचे हमरापूर गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. पुढे रोहे येते. तेथून कोकण रेल्वे सुरू होते, आणि जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. पेणच्या कारखान्यांत मूर्ती घडतात, तर धाटावला रसायनांच्या कारखान्यांतील टाक्या दिसतात. वक्र पृष्ठे दोन्हीकडे आहेत, पण त्यांच्या जाती वेगळ्या. हा फरक ध्यानात न घेता एखाद्या वास्तुशिल्पीने संगणकावर डौलदार गोलाकार छप्पर काढले, तर ते बांधताना मोठी फजिती होते.

एक साधा प्रयोग करा. वहीचा कागद पाण्याच्या पाइपाभोवती गुंडाळा. एकही सुरकुती न पडता तो चापून बसेल. आता तोच कागद गणपतीच्या पोटावर बसवून पाहा. (मूर्ती नसेल तर माठ चालेल.) कडांना चुण्या पडतात, आणि त्या दाबायला गेलात तर कागद फाटतो.

असे का व्हावे? पाइपावर बोट आडवे फिरवले तर ते वळते, पण उभे फिरवले तर सरळ जाते. म्हणजे एका दिशेची वक्रता शून्य. माठावर मात्र बोट कसेही फिरवा, ते वळतेच. या दोन दिशांच्या वक्रतांचा गुणाकार केला तर पाइपासाठी शून्य येतो, माठासाठी येत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले, की पृष्ठ न ताणता नुसते वाकवले तर हा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य. तेव्हा तो कितीही वाकवा, शून्यच राहणार. सोंडेच्या वळणाच्या आतल्या बाजूस तर दोन वक्रता एकमेकींच्या उलट असतात, आणि गुणाकार ऋण येतो!

मूर्तिकाराला याची अडचण नाही. शाडूची माती साच्यात दाबली की हवी तशी पसरते. टाकी बनवणाऱ्याला मात्र आहे. टाकीचा दंडगोल भाग सपाट पत्रा रोलिंग मशीनमधून काढला की तयार होतो. पण तिची फुगीर टोके घडवायची तर जाड पत्रा दाबयंत्रात अक्षरशः ताणावा लागतो. खर्च तेथे वाढतो.

आता संगणकाकडे वळू. पडद्यावर कोणताही आकार काढता येतो. तेथे पत्रा फाटत नाही. म्हणून चांगली आज्ञावली पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूपाशी गाउसचा गुणाकार काढते आणि रंगांनी दाखवते. जेथे तो शून्य, तेथे पृष्ठ उलगडून सपाट नकाशा कापता येतो. जेथे नाही, तेथे पृष्ठाचे लहान लहान सपाट फलक पाडावे लागतात.

फलक त्रिकोणी असावेत की चौकोनी? तीन पायांचे तिवई-स्टूल कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, चार पायांचे डगमगते. तसेच तीन कोपरे नेहमी एका प्रतलात असतात. चौथा कोपरा वर किंवा खाली राहू शकतो. तो जुळला नाही की सांध्यात फट पडते. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथे अशी फट म्हणजे घरात पाणी.

फलक केवढा घ्यावा, हे गणित तुम्हीच करू शकता. फलकाच्या सरळ कडेचा मध्य मूळ वक्रापासून किती दूर राहतो? कडेच्या लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागा. (पायथागोरसच्या सिद्धांतावरून हे सूत्र काढून पाहा, ते अगदी तंतोतंत नसले तरी पुरेसे जवळचे आहे.) १० मीटर त्रिज्येचा अर्धगोल घुमट घेऊ. फलक २ मीटरचे असतील तर अंतर ५ सेंटिमीटर, आणि फलक लागतील सुमारे १६०. १ मीटरचे घेतले तर अंतर सव्वा सेंटिमीटर, फलक ६३०. अर्ध्या मीटरचे घेतले तर अंतर जेमतेम ३ मिलिमीटर, पण फलक अडीच हजार! अंतर चौथाई होते, तेव्हा कापण्या-जोडण्याचे काम चौपट होते.

ऑस्ट्रेलियातील सिडनी ऑपेरा हाउसच्या शिडांसारख्या छपरांनी असेच सतावले होते. प्रत्येक कवचाचा आकार निराळा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला साचा निराळा. अखेर १९६१ साली वास्तुशिल्पी यॉर्न उट्सन यांनी सगळी कवचे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे ठरवले. गोलाची वक्रता सर्वत्र सारखी, त्यामुळे काँक्रीटचे तुकडे त्याच त्या साच्यांतून पुन्हा पुन्हा ओतता आले. इमारत १९७३ साली खुली झाली. पेणला एका साच्यातून शेकडो मूर्ती काढतात, त्यातला प्रकार हाच. आजची आज्ञावलीही सारख्या मापाचे फलक शोधून त्यांचे गट पाडते. एकूण फलक किती, याआधी कारखानदार विचारतो, ‘त्यात प्रकार किती?’