क्वार्टरबॅकची पारख

अमेरिकन फुटबॉल या खेळात अकरा जणांच्या संघाचा आक्रमक कारभार ज्या एका खेळाडूच्या हाती सोपविलेला असतो, जवळजवळ प्रत्येक डावपेचाचा प्रारंभ ज्याच्या हाती चेंडू पडल्यापासून होतो, आणि ज्याच्या निर्णयशक्तीवर मालकाची कोट्यवधी डॉलरांची गुंतवणूक, प्रशिक्षकाची नोकरी व एखाद्या शहराचे रविवारचे समाधान अवलंबून असते, त्या क्वार्टरबॅकची निवड अशा पद्धतीने करावी लागते की, निवडणाऱ्याला त्याचे खरे काम आधी पाहण्याची संधीच मिळत नाही. महाविद्यालयात तो जे काम करतो आणि व्यावसायिक संघात त्याला जे काम करावे लागते, त्या दोहोंचे नाव एक असले तरी त्यांची प्रकृती पुष्कळ अंशी भिन्न आहे. आणि या भिन्नतेमुळेच गेली कित्येक दशके अनुभवी, सावध व साधनसंपन्न माणसांचे अंदाज पुनःपुन्हा चुकत आले आहेत.

नॅशनल फुटबॉल लीगमधील ३२ संघ दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंची आपसांत वाटणी करून घेतात. या प्रथेला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९३६ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या या प्रथेचा शिरस्ता असा की, गतवर्षी जो संघ सर्वांत मागे राहिला त्याला निवडीचा पहिला मान द्यावा. हेतू समतोल राखण्याचा आहे आणि तो स्तुत्यही आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, सर्वांत होतकरू तरुण बहुधा सर्वांत विस्कळीत संघाच्या पदरी पडतो. पहिल्याच वर्षी प्रथम क्रमांकाने निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर हा तर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. उदरनिर्वाहासाठी त्याने दुसराच मार्ग पत्करला. तो क्वार्टरबॅक नव्हता खरा, पण या प्रथेच्या इतिहासाचे पहिले पानच असे उघडते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पारखीचे सर्वांत गाजलेले प्रकरण १९९८ सालचे. त्या वर्षी टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ या दोन तरुणांपैकी पहिला कोण, यावर महिनोन्महिने खल झाला. दोघेही सव्वासहा फुटांहून उंच, दोघांचीही महाविद्यालयीन कारकीर्द देदीप्यमान; आणि लीफचा हात अधिक बळकट असल्याचा निर्वाळा पुष्कळ जाणकार देत होते. या दोघांपैकी एक तरी हाती लागावा म्हणून सॅन डिएगो चार्जर्सने तिसऱ्या स्थानावरून दुसऱ्या स्थानावर सरकण्यासाठी ॲरिझोनाला जबर किंमत मोजली. इंडियानापोलिस कोल्ट्सने मॅनिंगला पसंत केले, चार्जर्सने लीफला. पहिल्या हंगामात मॅनिंगचे २८ पास प्रतिपक्षाने हिरावून घेतले, जो नवागतांमधील एक अप्रिय विक्रम ठरला, आणि त्याच्या संघाला १६ पैकी केवळ ३ सामने जिंकता आले. लीफने २ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले आणि १५ पास गमावले. सप्टेंबरातील कॅन्सस सिटीविरुद्धच्या सामन्यात तर त्याच्या १५ पासांपैकी एकच पूर्ण झाला आणि त्यातून ४ यार्डांचे अंतर मिळाले. मॅनिंगचा संघ दुसऱ्याच वर्षी १३ सामने जिंकला. पुढे तो पाच वेळा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला व दोन भिन्न शहरांना त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, मिळवून दिले. लीफ मात्र २००२ सालापर्यंत खेळातून निवृत्त झाला. आपल्या त्या काळातील अपरिपक्वतेविषयी पुढे त्यानेच जाहीरपणे आणि निर्भीडपणे सांगितले आहे.

या प्रकरणाचा मथितार्थ काढताना एकाला यशस्वी व दुसऱ्याला अपयशी म्हणून लोक मोकळे होतात. मला मात्र ते २८ हिरावले गेलेले पास अधिक बोलके वाटतात. पहिल्या वर्षी ठेचा दोघांनाही लागल्या. भेद पडला तो नंतर. आपल्या प्रत्येक चुकीच्या चित्रफिती पाहून, तिचे कारण शोधून, तीच व्यूहरचना पुन्हा समोर आली असता तिला उत्तर देण्याची जी चिकाटी मॅनिंगच्या अंगी होती, ती मोजण्याचे कोणतेही यंत्र निवडकर्त्यांच्या दप्तरी नव्हते आणि आजही नाही.

आता ते काम तरी काय असते, ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. एक चाल संपून दुसरी सुरू करण्यास सामान्यतः ४० सेकंदांची मुदत असते. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ध्वनियंत्र बसविलेले आहे. त्यातून प्रशिक्षक पुढील चालीचे लांबलचक सांकेतिक नाव सांगतो, पण घड्याळात १५ सेकंद उरताच ते यंत्र मूक होते आणि तेथून पुढे तो तरुण सर्वस्वी एकटा असतो. त्याने ते नाव सहकाऱ्यांना बिनचूक सांगायचे, रांग लावायची, समोरच्या अकरा रक्षकांची मांडणी निरखायची, ती मांडणी खरी की दिशाभूल करणारी याचा तर्क करायचा, आवश्यक वाटल्यास सारी चाल ऐनवेळी बदलायची. आणि चेंडू हाती आल्यावर, सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे धटिंगण अंगावर चालून येत असताना, सुमारे अडीच सेकंदांत ठरवायचे की, आपला सहकारी आता कोठे आहे याचा विचार सोडून तो क्षणभराने कोठे असेल तेथे चेंडू पोहोचवायचा. यात बाहुबल लागतेच. परंतु त्या अडीच सेकंदांतील मुख्य व्यापार डोळ्यांचा, बुद्धीचा आणि धैर्याचा असतो.

महाविद्यालयात हा भार फार हलका केलेला असतो. तेथील अव्वल विभागात १३० हून अधिक संघ आहेत आणि त्यांतील फारच थोडे खेळाडू पुढे व्यावसायिक होतात. त्यामुळे नामांकित विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकला हंगामातील कित्येक सामन्यांत दुबळ्या रक्षकांशीच गाठ पडते, आणि त्याचे सहकारी पाच-पाच पावले मोकळे सुटलेले असतात. मैदानाच्या आखणीतही एक भेद आहे. प्रत्येक चाल जेथून सुरू होते त्या आतील खुणांच्या दोन ओळींमधील अंतर महाविद्यालयात ४० फूट, तर व्यावसायिक मैदानात अवघे साडेअठरा फूट असते. परिणामी महाविद्यालयात चेंडू पुष्कळदा एका कडेजवळ ठेवला जातो, दुसऱ्या बाजूस विस्तीर्ण मोकळी जागा राहते, आणि ती झाकण्यासाठी रक्षकांना विरळ व्हावे लागते. शिवाय अनेक विद्यापीठांत अशी रीत रूढ झाली की, संघाने रांग लावायची आणि मग सगळ्यांनी माना वळवून कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाकडे पाहायचे. प्रतिपक्षाची मांडणी वाचून चाल बदलण्याचे काम तोच करणार, खुणांनी वा मोठाल्या चित्रफलकांनी कळवणार. शिरस्त्राणातील ध्वनियंत्रास महाविद्यालयीन खेळात अव्वल विभागापुरती परवानगी मिळाली ती २०२४ साली. आपल्याकडे रणजी सामन्यांत धावांच्या राशी रचणारा फलंदाज कसोटीत डगमगला, तर त्याला अधिक वेगवान गोलंदाज भेटले एवढाच अर्थ असतो. क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र विचार करण्याचे जे काम आजवर दुसरा करीत होता, ते अकस्मात त्याच्या शिरावर येऊन पडते.

मग निवडकर्ते काय करतात? जे मोजता येते ते मोजतात. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास इंडियानापोलिस येथे उमेदवारांना एकत्र बोलावून त्यांची उंची, वजन, उडी, ४० यार्ड धावण्यास लागणारा वेळ, इतकेच नव्हे तर हाताच्या पंजाची रुंदीदेखील मोजण्यात येते. १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडविण्याची ‘वंडरलिक’ नावाची बुद्धिपरीक्षाही कित्येक वर्षे घेतली जात होती. २०२२ पासून ती तेथे बंद झाली. २००० साली मिशिगन विद्यापीठाच्या टॉम ब्रॅडीला ते ४० यार्ड धावण्यास ५.२८ सेकंद लागले. त्याच्या कृश देहाची छायाचित्रे आजही कुतूहलाने पाहिली जातात. आणखी सहा क्वार्टरबॅक निवडले गेल्यानंतर, १९९ व्या क्रमांकावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घेतले. त्याने सात सुपर बोल जिंकले. पुढे नावारूपास आलेल्या ड्रू ब्रीझ व रसेल विल्सन यांनाही उंचीच्या अभावी मागे ठेवण्यात आले होते. कर्ट वॉर्नरला तर १९९४ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नाही. आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीत फळ्यांवर माल लावणारा हा तरुण बंदिस्त मैदानातील फुटबॉल खेळत खेळत वर आला आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुइसला त्याने सुपर बोल जिंकून दिला.

अशा दाखल्यांवरून सारी पारख व्यर्थ आहे असे म्हणणारा एक पक्ष आहे. माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने २००८ साली असा युक्तिवाद केला की, क्वार्टरबॅकचे काम काय किंवा शिक्षकाचे काम काय, ते प्रत्यक्ष करू लागेपर्यंत माणसाची योग्यता कळूच शकत नाही. डेव्हिड बेरी व रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये आकडेवारीनिशी दाखविले की, आधी निवडले गेलेले क्वार्टरबॅक अधिक खेळतात खरे, पण प्रत्येक चालीमागे त्यांची कामगिरी उशिरा निवडलेल्यांहून फारशी सरस नसते. या निष्कर्षात एक उणीव मला जाणवते. उशिरा निवडलेल्यांपैकी बहुसंख्यांना मैदानात उतरण्याची संधीच मिळत नाही; ज्यांना मिळते ते सरावात आपली योग्यता सिद्ध करून आलेले असतात, आणि मग निवडक मोजक्यांची तुलना सर्वांशी होते. पारख दुर्बळ आहे, हे मान्य. ती शून्य आहे, हे मान्य करणे कठीण.

कारण काही खुणा विश्वसनीय ठरल्या आहेत. २००६ मध्ये डेव्हिड लेविन या अभ्यासकाने मांडले की, पहिल्या दोन फेऱ्यांत निवडल्या गेलेल्या क्वार्टरबॅकांच्या बाबतीत, महाविद्यालयात त्याने किती सामने प्रारंभापासून खेळले आणि त्याचे किती टक्के पास पूर्ण झाले, या दोनच गोष्टी भविष्याविषयी पुष्कळ सांगून जातात. पहिल्या गोष्टीत मोठा व्यावहारिक शहाणपणा आहे: चाळीस सामने खेळलेल्या तरुणाचे दोष सर्वांनी पाहिलेले असतात; बारा-तेरा सामने खेळलेल्याचे झाकलेले राहतात. २०१७ साली शिकागो बेअर्सने अवघे १३ सामने प्रारंभापासून खेळलेल्या मिचेल ट्रुबिस्कीसाठी, एकोणीस वर्षांपूर्वीच्या चार्जर्सप्रमाणेच, तिसऱ्यावरून दुसऱ्या स्थानी जाण्याची किंमत मोजली. पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेला टेक्सास टेकचा पॅट्रिक माहोम्स मात्र दहाव्या स्थानापर्यंत शिल्लक राहिला. रिचर्ड थेलर, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि केड मॅसी यांनी आपल्या अभ्यासात हाच इशारा दिला होता की, वरच्या स्थानासाठी संघ आपल्या पारखीवरील अतिविश्वासापोटी वाजवीपेक्षा अधिक किंमत देतात.

पण खुणांनाही अपवाद आहेत. वायोमिंगच्या जॉश ॲलनचे महाविद्यालयात सुमारे ५६ टक्केच पास पूर्ण होत असत आणि बफेलोच्या व्यावसायिक संघातील पहिल्या वर्षी ते प्रमाण ५३ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२० मध्ये ते ६९ टक्क्यांवर गेले, आणि २०२४ च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. अचूकता ही उपजत देणगी आहे, ती शिकविता येत नाही, असे मानणाऱ्यांना या उदाहरणाने आपले मत तपासावे लागले. बफेलोने त्याच्या पदन्यासावर व फेकीवर वर्षानुवर्षे परिश्रम घेऊ दिले, त्याला समर्थ सहकारी आणून दिले, आणि अधीर झाले नाहीत.

येथेच मला या साऱ्या चर्चेचे मर्म दिसते. ‘हा तरुण यशस्वी होईल काय?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘आमच्याकडे आला असता होईल काय?’ असे विचारले पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९७९ मध्ये नोत्र दामच्या जो मोंटानाला ८२ व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा त्याच्या हाताचे बळ सामान्यच मानले जात होते. परंतु वॉल्श यांच्या आखूड, अचूक, तालबद्ध पासांच्या पद्धतीस चपळ पाय आणि शांत चित्त यांची गरज होती, आणि ती त्यांना नेमकी ठाऊक होती. मोंटानाने सॅन फ्रान्सिस्कोला चार सुपर बोल दिले. उलट, २००२ साली नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने पहिल्या क्रमांकाने डेव्हिड कारला घेतले आणि त्याच्या रक्षणाची तजवीज मात्र केली नाही; त्या एका हंगामात त्याला ७६ वेळा चेंडूसह जमीनदोस्त करण्यात आले. त्याच्या अंगी काय होते, याचा निकाल त्यानंतर कोणी आणि कसा लावावा?

ॲलेक्स स्मिथची कथा याहून बोधक आहे. २००५ मध्ये पहिल्या क्रमांकाने सॅन फ्रान्सिस्कोत आलेल्या स्मिथने पहिल्या वर्षी १ टचडाउन पास दिला व ११ पास गमावले. पुढे आक्रमणाचे सूत्रधार जवळजवळ दरसाल बदलत गेले, आणि प्रत्येक वेळी त्याला नवी परिभाषा शिकावी लागली. २०११ मध्ये जिम हार्बो प्रशिक्षक झाले आणि त्याच स्मिथच्या हाताखाली संघ १३ सामने जिंकला. कॅन्सस सिटीत गेल्यावर, २०१७ मध्ये, ज्या नवागताने वर्षभर बाकावर बसून त्याचा अभ्यास, त्याची तयारी पाहिली, तो पॅट्रिक माहोम्स. तेथील प्रशिक्षक अँडी रीड यांनी माहोम्सला त्या हंगामात एकच सामना प्रारंभापासून खेळविला. पुढच्या वर्षी त्याने ५० टचडाउन पास दिले. स्मिथबरोबरच निवडलेला ॲरन रॉजर्सही २४ व्या क्रमांकावर घसरल्यामुळे ग्रीन बेला गेला आणि तेथील मुरलेला क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह याच्या मागे तीन वर्षे थांबला. पहिला क्रमांक मिळाला असता तर त्याला ही सवड कोणी दिली असती?

अलीकडे महाविद्यालयीन खेळाची घडीच बदलली आहे. खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सुलभ झाले, आणि २०२१ पासून आपल्या नावावर कायदेशीरपणे पैसे मिळविता येऊ लागल्यामुळे पुष्कळ जण अधिक वर्षे तेथेच राहतात. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारा स्थानांत सहा क्वार्टरबॅक होते. त्यांपैकी जेडन डॅनियल्स ५५ सामने आणि बो निक्स तब्बल ६१ सामने प्रारंभापासून खेळून आलेले. दोघांनीही पहिल्याच वर्षी आपापल्या संघांना, वॉशिंग्टनला व डेन्व्हरला, बाद फेरीत नेले. सामन्यांची संख्या पाहण्याचा जुना नियम त्यांच्या बाबतीत खरा ठरला, असे म्हणता येईल. तथापि ज्या वयात पूर्वी खेळाडू व्यावसायिक मैदानात दोन-तीन हंगाम काढून बसलेला असे, त्या वयात हे आता प्रथमच उतरत आहेत, आणि चोविशीतल्या तरुणाने विशीतल्या मुलांविरुद्ध मिळविलेल्या आकड्यांना किती वजन द्यायचे, हा नवा हिशेब निवडकर्त्यांना मांडावा लागत आहे.