बेस गिटारच्या तारा: फ्लॅट की राउंड?

मोटाउनच्या गाण्यांतला जेम्स जेमरसनचा गोल, घुमारदार बेस ऐकलाय? त्याच्या फेंडर प्रिसिजनवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा असत, आणि तुटल्याशिवाय तो त्या सहसा बदलत नसे! याउलट ‘द हू’ बँडच्या जॉन एंटविसलला पियानोसारखा खणखणीत आवाज हवा होता, म्हणून १९६६ मध्ये रोटोसाउंडने त्याच्या साथीने राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा घडवल्या. राउंडवाउंडची चमक लवकर उतरते, शिवाय फ्रेटलेसच्या फिंगरबोर्डवर ओरखडे पडतात. फ्लॅट महाग, पण वर्षानुवर्षे टिकतात. नवशिक्यांनी मात्र ४५-१०५ जाडीचा निकेल राउंडवाउंड संचच घ्यावा. जाडी बदललीत तर नेकचा बाक आणि तारांची उंची पुन्हा तपासून घ्या. आणि हो, ३० इंची शॉर्ट स्केल बेसला ३४ इंचीचा संच आणू नका.