शेजाऱ्यांचें बिनतारी जाळें व त्याचीं हत्यारें

न्यूयॉर्क शहराच्या ब्रूकलिन भागांत रेड हुक नांवाची एक वस्ती आहे. तिच्या तीन बाजूंस पाणी आहे, आणि राहणारे बहुतेक लोक कष्टकरी वर्गांतले. ता. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सँडी नांवाचें वादळ त्या शहरावर येऊन आदळलें, तेव्हां समुद्राचें पाणी ह्या वस्तीच्या रस्त्यांत शिरलें; वीज गेली, आणि विजेच्या मागोमाग पुष्कळ घरांचें इंटरनेटहि गेलें. दूरच्या आप्तांस आपण सुखरूप असल्याचें कळविणेंहि अवघड होऊन बसलें. रेड हुक इनिशिएटिव्ह ह्या तेथील सामाजिक संस्थेच्या इमारतींतले दिवे मात्र चालू राहिले. ह्या संस्थेनें वादळापूर्वींच आपल्या छपरावर एक बिनतारी यंत्र बसवून परिसरांत लहानसें जाळें विणण्यास आरंभ केला होता. तें जाळें टिकलें. पुढें अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ति-निवारण खात्याच्या माणसांनीं उपग्रहाचा दुवा आणून त्यास जोडला, आणि तेथें मदतीसाठीं जमणाऱ्या लोकांस बाहेरच्या जगाशीं बोलतां येऊं लागलें.

ज्या जाळ्यानें ही कामगिरी केली त्यांत अद्भुत असें कांहींच नव्हतें. त्याचें साहित्य बाजारांत मिळतें, आणि अशीं जाळीं उभारणारीं माणसें पगारी नोकर नसून पुष्कळदां शेजारीपाजारीच असतात. म्हणूनच त्यास काय काय लागतें, आणि त्यांपैकीं कशावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें, हें पाहण्यासारखें आहे.

इंटरनेट सामान्यतः घरीं येतें तें कंपनीच्या तारेनें. कंपनीचें केंद्र मध्यें, आणि तेथून निघालेल्या तारा घराघरांत. एखाद्या घराची तार तुटली तर त्या घरास दुसरा मार्ग नाहीं. शेजाऱ्यांच्या जाळ्याची रचना निराळी. गांवांत आग लागली असतां विहिरीपासून जळत्या घरापर्यंत माणसांची रांग लागते व घागर हातोहात पुढें जाते. त्याप्रमाणें येथें एका छपरावरील यंत्र संदेश घेतें आणि पुढच्या छपरावरील यंत्राच्या हवालीं करतें. रांगेंतला एक जण दमून बाजूस झाला तर शेजारचा हात पुढें होतो. तसेंच एक ठाणें बंद पडलें तर उरलेलीं यंत्रें आपापसांत चौकशी करून दुसरी वाट काढतात. अशा रचनेस ‘मेश’ असें म्हणतात. ठाणीं जितकीं दाट, तितक्या वाटा अधिक.

विहीर मात्र कोठें तरी असावीच लागते. न्यूयॉर्कमध्यें ‘एनवायसी मेश’ ह्या नांवाचें, स्वयंसेवकांनीं चालविलेलें आणखी एक मोठें जाळें आहे. त्यांनीं मॅनहॅटनमधील ३७५ पर्ल स्ट्रीट ह्या उंच इमारतीवर आपलें प्रमुख ठाणें उभारलें. तेथें त्यांचें जाळें जगाच्या इंटरनेटशीं जोडलें गेलें, आणि तेथून तें छपरांछपरांवरून शहरांत पसरलें.

अशा कामांतलें पहिलें हत्यार म्हणजे माणसाचे डोळे. ह्या यंत्रांच्या लहरी रेडिओच्याच जातीच्या. परंतु रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीच्या चढउतारांवरून दूरवर जातात, तशा ह्या जात नाहींत. त्यांचीं कंपनें सेकंदास सुमारें २.४ अब्ज किंवा ५ अब्ज असतात, आणि त्या बऱ्याच अंशीं प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत चालतात. भिंत, पाण्याची टाकी किंवा दाट झाड आड आलें कीं त्या क्षीण होतात. म्हणून न्यूयॉर्कचे स्वयंसेवक यंत्र बसविण्यापूर्वीं घरमालकाकडून त्याच्या छपरावरून काढलेलीं चहूंकडचीं छायाचित्रें मागवितात, आणि जाळ्याचें एखादें ठाणें तेथून दिसतें कीं नाहीं हें ताडून पाहतात. नुसत्या फटींतून दिसणेंहि पुरत नाहीं. दृष्टिरेषेच्या भोंवतीं कांहीं मोकळी जागा लागते. हिवाळ्यांत निष्पर्ण झाडांतून उत्तम चालणारा दुवा वसंतांत पालवी फुटतांच लंगडूं लागतो, कारण पानांत पाणी असतें आणि पाणी ह्या लहरी शोषून घेतें.

जागा ठरली म्हणजे राउटर आणि अँटेना ह्यांची निवड येते. छपरावरच्या उपकरणांत हीं दोन्हीं बहुधा एकत्रच असतात. अँटेनाचे मुख्य प्रकार दोन. एक कंदिलासारखा: त्याच्या लहरी चोहोंकडे पसरतात, पण फार दूर पोंचत नाहींत. दुसरा विजेरीच्या झोतासारखा: तबकडीच्या योगानें लहरी एकाच दिशेस एकवटून कित्येक किलोमीटर जाऊं शकतात. आजूबाजूच्या इमारतींसाठीं पहिला, आणि दूरच्या ठाण्यासाठीं दुसरा. ह्या लहरींचे पट्टे अनेक देशांत विशिष्ट शक्तीच्या मर्यादेंत परवान्यावांचून वापरतां येतात. भारतांत २.४ चा पट्टा २००५ सालीं असा मोकळा झाला, आणि ५ च्या पट्ट्याचा घराबाहेरील वापर २०१८ सालीं. मात्र लहरी मोकळ्या झाल्या म्हणून इतरांस इंटरनेट पुरविण्याची सरसकट मुभा मिळत नाहीं. त्याचे नियम स्वतंत्र आहेत, आणि असें काम आरंभण्यापूर्वीं ते समजून घ्यावे लागतात.

ह्यानंतरची वस्तु दिसावयास क्षुद्र, पण पुष्कळशा बिघाडांचें मूळ. ती म्हणजे तार. जाळें बिनतारी असलें तरी छपरावरील यंत्रापासून खालच्या खोलीपर्यंत एक तार यावीच लागते. तिच्या आंत तांब्याच्या आठ बारीक तारा दोन-दोन पिळून चार जोड्यांत ठेवलेल्या असतात. हीच तार संदेश खालीं आणते आणि हीच वीज वर नेते. त्यामुळें छपरावर निराळी विजेची सोय करावी लागत नाहीं. तिची लांबी १०० मीटरांहून अधिक असूं नये. घरांतल्या उपयोगाची तार उन्हानें तडकते. म्हणून बाहेर लावावयाची तार उन्हापावसास टिकणाऱ्या आवरणाचीच घ्यावी लागते.

तारेच्या दोन्ही टोंकांस प्लॅस्टिकचे लहान जोड बसवावयाचे असतात. आंतील आठ तारांचा एक प्रचलित क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे हाच क्रम ठेवून टोंकें समान कापावयाचीं, जोडांत सारावयाचीं, आणि क्रिंपर नांवाच्या पकडीनें दाबून पक्कीं करावयाचीं. मग केबल टेस्टर लावून त्याचे दिवे क्रमानें लागतात कीं नाहीं हें पाहावयाचें. ही परीक्षा शिडी आवरण्यापूर्वींच झाली पाहिजे. तार भिंतींत शिरण्यापूर्वीं तिला खालच्या बाजूस थोडा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पावसाचें पाणी आंत न जातां झोळाच्या तळाशीं ठिबकून पडतें. भिंतीचें छिद्र बाहेरच्या बाजूस उतरतें ठेवून सिलिकॉननें बुजवावें. ह्या दोन लहान गोष्टी चुकल्या, तर महागांतलें यंत्रहि पहिल्या मोठ्या पावसांत दगा देतें.

कामाच्या पिशवींत आणखी जिनसा असतात त्या सुताराच्या व गवंड्याच्या ओळखीच्याच: ड्रिल, पाने, पेचकस, केबल टाय आणि पाणसळ. पाणसळ हवी ती खांब ओळंब्यांत उभा करण्यासाठीं. खांब कलता राहिला तर तबकडी बाजूस फिरवितांना ती वरखालींहि होते आणि नेम साधत नाहीं. खांबास योग्य अर्थिंग द्यावें लागतें. आणि छपरावर एकट्यानें चढूं नये, वीज कडाडत असतां तर मुळींच चढूं नये, हा नियम कोणत्याहि हत्याराइतकाच महत्त्वाचा आहे.

तबकडीचा नेम धरण्यास दोन माणसें लागतात. एक जण फोनवर लहरींच्या बळाचा आंकडा वाचतो; दुसरा तबकडी किंचित् किंचित् फिरवितो. हे आंकडे उणे असतात: उणे ५५ उत्तम, उणे ८० दुबळा. प्रत्येक १० अंकांस बळ दहापटीनें बदलतें. म्हणजे उणे ६० आणि उणे ८० ह्यांत शंभरपटीचें अंतर. नवखा माणूस आंकडा जरा चढतांच थांबतो. जाणता मनुष्य तबकडी त्या पलीकडे नेऊन, आंकडा उतरूं लागल्यावर, पुन्हां मागें आणतो. कारण झोताच्या कडेस खोटीं शिखरेंहि असतात.

ह्यापुढें विजेचा प्रश्न. छपरावरील एका लहान यंत्रास साधारण पांच ते दहा वॉट वीज पुरते. १२ व्होल्टांच्या, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरींत ८४ वॉट-तास सांठा असतो; त्यावर ८ वॉटांचें यंत्र हिशेबानें साडेदहा तास, आणि प्रत्यक्षांत त्याहून कांहीं कमी, चालतें. परंतु एकाच घरीं बॅटरी असून भागत नाहीं. वाटेंतल्या सर्व छपरांवर ती असेल, तरच अंधारांत संदेश पुढें जाईल.

शेवटचें हत्यार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित: नोंदवही. न्यूयॉर्कच्या जाळ्यांत प्रत्येक ठाण्यास क्रमांक दिलेला असतो, आणि तीं ठाणीं सर्वांस पाहतां येईल अशा नकाशावर दाखविलेलीं असतात. कोणतें यंत्र कोठें आहे, तें कोणत्या ठाण्याकडे तोंड करून आहे, तार कोणत्या भिंतींतून गेली, छपराची किल्ली कोणाकडे, आणि यंत्राचा संकेतशब्द कोणाच्या हवालीं, हें सारें लिहून ठेवावें लागतें. स्वयंसेवकांची बदली होते, लग्नें होतात, घरें बदलतात. ज्यानें यंत्र बसविलें तोच एकटा त्याचा जाणता असेल, तर तो शहर सोडून गेला त्या दिवशीं तें ठाणें अनाथ होतें. यंत्राचे दिवे पुढें कांहीं महिने लुकलुकतात. एक दिवस ते विझतात, आणि छपरावर कोणी चढत नाहीं.

रेड हुकमध्यें वादळानंतर नुसतीं नवीं यंत्रें बसवून काम थांबलें नाहीं. वस्तींतल्याच तरुणतरुणींस हीं ठाणीं बसविण्याचें आणि राखण्याचें शिक्षण देण्यांत आलें. तबकडी पैसे टाकून दुसऱ्या दिवशीं आणतां येते; पण तारेचा क्रम ओळखणारा, नोंदवहींतलें पान काढणारा आणि शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून छपराची किल्ली मागूं शकणारा माणूस वादळाच्या रात्रीं विकत मिळत नाहीं. तो आधींच तयार असावा लागतो.