स्टीव्ह स्परियर: तेहेतीस दिवसांत बदललेला खेळ

आजचा भाग अमेरिकन फुटबॉलवर आहे. थांबा, लगेच बंद करू नका. नियम फार लागणार नाहीत. एवढंच लक्षात ठेवा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्या टीमकडे जातो. चेंडू घेऊन पळा किंवा हवेतून फेका. फेकणारा असतो क्वार्टरबॅक.

स्टीव्ह स्परियर हा फ्लोरिडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. 1966 साली ऑबर्नविरुद्ध मॅच बरोबरीत होती आणि 40 यार्डांवरून किक मारायची होती. हे काम खरं तर किकरचं. स्परियर म्हणाला, मीच मारतो. मारली, 30-27 ने जिंकले, आणि त्या वर्षीची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान, त्यालाच मिळाली.

पुढे व्यावसायिक लीगमध्ये मात्र बरीच वर्षं तो राखीव क्वार्टरबॅक म्हणून बाकावरच होता. शेवटचा सीझन 1976 चा, टँपा बे बकनीअर्स या नव्या कोऱ्या टीमकडून. 14 मॅचेस खेळले, 14 हरले. संपलं करिअर.

कोच म्हणून त्याने आधी ड्यूकसारख्या, बास्केटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाला 1989 मध्ये संयुक्त विजेतेपद मिळवून दिलं. 1990 ला तो फ्लोरिडात परतला. तिथल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तेव्हा चेंडू घेऊन पळण्यावरच भर असायचा, कारण फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाऊ शकतो. स्परियरने बिनधास्त फेकायला लावलं. प्रत्येक चाल स्वतः ठरवायचा, आणि चूक झाली की डोक्यावरची व्हायझर काढून आपटायचा! बारा वर्षांत सहा कॉन्फरन्स विजेतेपदं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. 30 नोव्हेंबर 1996, फ्लोरिडा स्टेटविरुद्ध 24-21 ने हार. त्याचा क्वार्टरबॅक डॅनी वर्फलने त्या दिवशी बेदम मार खाल्ला. चेंडू फेकून झाल्यावरही त्याला पाडतात, अशी स्परियरने जाहीर तक्रार केली. नशीब असं, की राष्ट्रीय विजेतेपदाच्या मॅचला, शुगर बोलला, समोर पुन्हा तीच टीम. हातात 33 दिवस.

स्परियरच्या पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू देणाऱ्या सेंटरच्या अगदी मागे चिकटून उभा राहायचा. चेंडू मिळाला की मोजून पावलं मागे, आणि शेवटच्या पावलाला फेक. सगळं टायमिंग त्या पावलांवर. पण मागे सरकेपर्यंत बचावपटू अंगावर येत होते. शुगर बोलमध्ये त्याने वर्फलला बऱ्याचदा 'शॉटगन'मध्ये ठेवलं, म्हणजे आधीपासूनच साधारण पाच यार्ड मागे. चेंडू हातात पडताना समोरचं सगळं दिसतं, आणि थोडा वेळ मिळतो. नवीन काहीच नाही, ही रचना सगळ्यांना माहीत होती. पण आपण घडवलेल्या सिस्टीमला असा हात लावणं किती जिवावर येतं, हे कोड लिहिणाऱ्यांना विचारा. निकाल: फ्लोरिडा 52, फ्लोरिडा स्टेट 20.

2002 मध्ये तो वॉशिंग्टनच्या व्यावसायिक टीमकडे गेला. फ्लोरिडाचे जुने खेळाडू, अगदी वर्फललासुद्धा, सोबत घेतलं. दोन वर्षांत 12 विजय, 20 पराभव. कॉलेजमध्ये कोच स्वतः मुलं निवडून आणतो, त्यामुळे कितीतरी आठवडे समोरची टीम सरळ सरळ कमकुवत असते. व्यावसायिक लीगमध्ये तसं नाही, तिथे दर रविवारी तोडीस तोड. त्याचा तरुण क्वार्टरबॅक पॅट्रिक रॅम्झी तिथे सारखा मार खात राहिला. गंमत बघा, अडचण 1996 चीच होती. या वेळी उत्तर सापडलं नाही.

मग साउथ कॅरोलायना. 2011 ते 2013, सलग तीन सीझन 11-11 विजय. त्या विद्यापीठासाठी हे न भूतो. पण 2015 मध्ये सहापैकी चार मॅचेस हरल्यावर त्याने ऑक्टोबरमध्येच, सीझनच्या मध्यात, राजीनामा दिला. इथे मी त्याच्या बाजूने नाही. कोच सोडून जाऊ शकतो हो, पण त्याच्या शब्दावर तिथे आलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरं उरलेल्या मॅचेस खेळतच होती.

तरी 2017 मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमने त्याला कोच म्हणून घेतलं. खेळाडू म्हणून तो तिथे 1986 पासूनच आहे.

चला, पुढच्या भागात भेटू.