पाठीवरचा पंप आणि खताचा चहा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने फवारणीच्या पंपावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पडवीत असा एक पंप टांगलेला असतोच. मला या विषयाकडे वळवले ते गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने.

आमची वीस गुंठे टोमॅटोची बाग आहे. तिच्यावर कंपोस्टचा अर्क फवारायचे ठरले. मुरलेले कंपोस्ट फडक्यात सैल बांधून पाण्यात सोडायचे, थोडा गूळ घालायचा आणि माशांच्या काचपेटीला लावतात तसल्या यंत्राने त्यात चोवीस तास हवा सोडायची. इंग्रजीत याला खताचा चहा म्हणतात. ते ऐकून आई म्हणाली, "मग पाहुण्यांना द्यायचा का?"

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, औषधाचा जुना पंप विसळून घेतला. चौथ्या सरीला नोझल तुंबले. दादांनी सवयीप्रमाणे ते काढून तोंडाने फुंकले. संध्याकाळी मळमळ, घाम, उलट्या! रात्र दवाखान्यात काढली. डॉक्टरांनी विचारले, "पंपात आधी काय होते?" आम्हाला औषधाचे नावही धड सांगता येईना. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले होते, ते त्या रात्री आठवत राहिले. दादा बरे झाले, पण मी चौकशीला लागलो.

पहिली गोष्ट समजली ती ही, की औषध मारण्यासाठी फवारतात आणि हा अर्क जगवण्यासाठी. त्यात जिवंत जिवाणू व बुरशीचे तंतू असतात. मोरचुदासारखे बुरशीनाशक टाकीत, नळीत वा वॉशरमध्ये उरले, तर आपण चोवीस तास वाढवलेले जीव आपणच मारतो. म्हणून अर्काचा पंप वेगळाच हवा. नुसते विसळणे पुरत नाही.

दुसरी गोष्ट नोझलची. औषधाच्या नोझलमध्ये फवारा गोल फिरवणारी बारीक चकती असते. तिथेच गाळ अडकतो. अर्काला मोठ्या भोकाचे, साधे नोझल घ्यावे. गाळणीचे भोक नोझलच्या भोकापेक्षा लहान असावे, पण फार लहान नको. जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, तो कशातूनही जातो; बुरशीचे लांब तंतू मात्र दाट फडक्यात अडकतात. साधारण ०.४ मिलिमीटर छिद्रांची जाळी मध्यम ठरते. मुळाशी आळवणी करायची असेल, तर नोझल काढूनच टाकावे.

तिसरी गोष्ट दाबाची. द्राक्षबागेत चालणारा एचटीपी पंप जोरदार दाब देतो. त्या दाबाने बारीक भोकातून जाताना तंतू तुटतात. थोड्या क्षेत्राला पाठीवरचा १६ लिटरचा हातपंप पुरतो. हात दुखत असेल तर बॅटरीचा पंप घ्यावा; त्यात बहुधा पडद्याचा, म्हणजे डायफ्रॅमचा, छोटा पंप असतो आणि तो द्रव हळुवार ढकलतो.

वेळही सांभाळावी लागते. भर उन्हात जीव टिकत नाहीत, म्हणून फवारणी सकाळी लवकर वा संध्याकाळी करावी. हवा बंद झाली की अर्क फार वेळ ठेवू नये. घाण वास आला तर तो पिकावर न मारता उकिरड्यावर ओतावा. आणखी एक पथ्य आहे. शेणखताच्या अर्कात रोगजंतूही असू शकतात, म्हणून काढणीला आलेल्या, कच्च्या खायच्या भाजीवर तो मारू नये. काम संपल्यावर पंपातून स्वच्छ पाणी सोडावे, नाहीतर आतला साका वाळून पुढच्या वेळी पुन्हा तुंबते. तुंबलेच, तर जुना दात घासायचा ब्रश वापरावा. पंप कोणताही असो, नोझलला तोंड लावू नये.

आता आमच्या पडवीत दोन पंप आहेत. नव्यावर आईने पांढऱ्या रंगाने 'चहा' असे लिहिले आहे. जुन्यावर काय लिहायचे, असे तिने दादांना विचारले. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी ब्रश घेतला आणि स्वतःच्या हाताने त्यावर 'विष' असे लिहिले.